गॅलरीतली खुर्ची: नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेचा वर्षभराचा हिशेब

आधीच सांगते, अभ्यासिकेचं नाव लिहिणार नाहीये. एक तर खाली तक्रारी बऱ्याच आहेत आणि ती चालवणारे काका, माणूस भला आहे. दुसरं म्हणजे गॅलरीत खुर्च्या चारच. नाव टाकलं आणि उद्या कोणी लॅपटॉपवाला येऊन बसला, तर मी कुठे जाऊ? ठाण्यात, नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, फरसाणाच्या दुकानावर पहिला मजला. ज्यांना शोधायचीच आहे ते वासावर येतील.

मी डेटाबेसचं काम करते, ऑफिस ऐरोलीत. वय ४१. अभ्यासिकेत माझ्याखालोखाल वयस्कर मुलगा २९ चा, आणि तो पीएसआयच्या परीक्षेला चौथ्यांदा बसतोय. मी कुठल्याच परीक्षेला बसत नाही. गेल्या जूनमध्ये ठरवलं होतं, की दर आठवड्याला एक तांत्रिक टिपण लिहायचं. मराठीत, दोन-तीन पानांचं, एका टिपणात एकच गोष्ट. पीडीएफ करायची आणि आमच्या टीममधल्या, टीम सोडून गेलेल्या, इकडून तिकडून ओळखीच्या झालेल्या पोरापोरींना पाठवून द्यायची. कारण साधं आहे. मीटिंगमध्ये इंग्रजीत सांगितलं की सगळे मान डोलावतात, आणि दहा मिनिटांनी खाली चहाच्या टपरीवर एकेक जण हळूच विचारतो, "मॅडम, ते नक्की काय होतं?" टपरीवर मी जे सांगते तेच कागदावर उतरवायचं होतं.

घरी जागा नाही. वन बीएचके, सासूबाई आणि दहावीतला मुलगा. आमच्या डायनिंग टेबलावर सकाळी भाजी निवडली जाते, दुपारी इस्त्री होते, संध्याकाळी भूमिती. राम मारुती रोडवरच्या एका कॅफेत दोन रविवार बसून पाहिलं. २२० रुपयांची कॉफी, वर गाणी, आणि दीड तासानंतर वेटर "अजून काही?" असं विचारतो त्याचा अर्थ "उठा आता". तलावपाळीच्या बाकावर एकदाच बसले. दाणेवाला, फुगेवाला, घोडागाडीचा हट्ट धरणारी पोरं, आणि ४० मिनिटांत लॅपटॉपची बॅटरी खलास. शनिवारी ऑफिसला जाऊन बसावं तर तिथे गेल्यावर माणूस ऑफिसचंच काम करतो.

म्हणून अभ्यासिका. दर असे: एसी हॉल महिना २,३००, बिनएसी हॉल १,७००, गॅलरीही १,७००. अनामत १,०००. लॉकर हवा तर १५० वेगळे, मी घेतला नाही. सकाळी ६ ते रात्री ११. एकूण ६४ जागा, प्रत्येक जागेला तिन्ही बाजूंनी प्लायवूडची आडभिंत. माणसांना इथे नावं नसतात, जागांचे नंबर असतात. "ब-९ ची बाटली राहिली", "अ-३० चा फोन वाजतोय" असं चालतं. मी पहिले काही महिने ब-१७ होते.

पावसाळ्यात गेलात तर दाराशी एकच बादली, तीत सगळ्यांच्या छत्र्या. घरी जाताना आपली सापडली तर आपलं नशीब. त्या चार महिन्यांत जागेला ओल्या मोज्यांचा वास असतो, उरलेले आठ महिने शेवेचा. वाय-फाय आहे म्हणायला. पाणी चांगलं, गार. स्वच्छतागृह एकच, पण रोज धुतलेलं. मुलींनी विचारलं म्हणून मुद्दाम लिहिते. ब रांगेतली ट्यूबलाइट ऑगस्टपासून लुकलुकते. काकांना सांगितलं की ते म्हणतात, "बघू." "बघू" हा इथला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द आहे. गॅलरीत प्लग एकच आहे, दुसरा द्या. बघू. खुर्चीची उशी दबलीय. बघू.

आता टायपिंगचं प्रकरण.

चौथ्याच दिवशी माझ्या टेबलावर चिठ्ठी. वहीचा पाव कागद, अक्षर सुरेख: "ताई, कृपया टायपिंग हळू करावे. गुरुवारी पेपर आहे." मी ओशाळले. अडीचशे रुपयांचं सिलिकॉनचं कव्हर आणून कीबोर्डवर घातलं. अक्षरांचा आवाज कमी झाला, पण स्पेसबारचा ठक् काही जाईना. उलट आता तो एकटाच ऐकू यायला लागला. दुसरी चिठ्ठी माझ्याकडे न येता थेट काकांकडे गेली. काकांनी निकाल दिला: हॉलमध्ये टायपिंग बंद, गॅलरीत चालेल. आणि गॅलरी? "गॅलरी भरलीय. ऑगस्टअखेर एक जण जाणार आहे, तेव्हा बघू."

मग मी हाताने लिहायला लागले. नाइलाज म्हणून. कॉलेजनंतर पहिल्यांदा २०० पानी वही घेतली.

पहिली दोन टिपणं मी जूनमध्ये कॅफेत आणि घरी मिळून लॅपटॉपवर केली होती. एक ११ पानांचं, एक नऊ. आधी स्क्रीनशॉट चिकटवायचे, मग क्वेऱ्या, म्हणजे डेटाबेसला विचारायचे प्रश्न, चिकटवायच्या आणि मधल्या फटींत वाक्यं भरायची, अशी ती तयार झाली होती. एका ज्युनियरला विचारलं, वाचलंस का? तो म्हणाला, "मॅडम, सेव्ह करून ठेवलंय." सेव्ह करून ठेवण्याचा अर्थ मला कळतो. माझ्याकडेही अशी बरीच पुस्तकं आहेत.

वहीत चिकटवता काहीच येत नाही. २० ओळींची क्वेरी पेनाने उतरवायचा इतका कंटाळा येतो की आपण तिची चार ओळींची करतो. चार ओळींची करताना कळतं, की उरलेल्या १६ ओळींचा मुद्द्याशी संबंधच नव्हता. दोनदा तर असंही झालं, की चार ओळींत मुद्दा उतरेना, आणि तो मलाच नीट कळलेला नाही हे रात्री सव्वानऊला ब-१७ वर बसून लक्षात आलं. ती दोन टिपणं गेलीच नाहीत. सप्टेंबरमध्ये गॅलरी मिळाली, लॅपटॉपही आला, पण पहिला खर्डा मी अजून वहीतच करते. चिठ्ठी लिहिणारा कोण होता ते शेवटपर्यंत समजलं नाही. त्याचा पेपर बरा गेला असावा.

अभ्यासिकेने दिलेलं माझं सगळ्यात चांगलं टिपण काकांच्या रजिस्टरवरून आलं. त्यावर जरा थांबते.

काकांचं रजिस्टर जाडजूड, लाल कापडी पाठीचं. कोणी ब-१७ वरून अ-४ वर गेलं तर काका जुन्या ओळीत खाडाखोड करत नाहीत. खाली नवी ओळ लिहितात आणि जुनीवर एक आडवी रेघ मारतात. "जुनं दिसलं पाहिजे ताई, नंतर भांडण नको." पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस नेमकं हेच करतो. एखादी नोंद बदलली की जुनी आवृत्ती जागच्या जागी राहते आणि नवी वेगळी लिहिली जाते, कारण आधीच वाचायला बसलेल्या एखाद्या व्यवहाराला (ट्रान्झॅक्शनला) जुनंच चित्र दिसायला हवं असतं. भांडण नको, एवढाच त्याचाही उद्देश. परिणाम मात्र असा, की माणसं ६४ आणि रजिस्टरात ओळी दोन-अडीचशे. हजेरी शोधायला काकांना नऊ पानं उलटावी लागतात.

महिनाअखेरीला काका व्हाइटनर घेऊन बसतात. ज्या रेघ मारलेल्या ओळींबद्दल आता कोणी भांडायला येणार नाही, त्या पांढऱ्या करतात आणि पुढच्या महिन्याची नवी नावं त्याच जागी भरतात. हा झाला व्हॅक्यूम. यात रजिस्टर सहसा बारीक होत नाही, जागा फक्त पुन्हा वापरता येते. आमच्याकडच्या निम्म्या पोरांचा इथेच घोटाळा असतो. व्हॅक्यूम केला तरी डिस्क रिकामी का झाली नाही, म्हणून ते माझ्याकडे येतात. दिवाळीच्या सुट्टीत काकांनी नवं कोरं रजिस्टर आणलं आणि फक्त चालू नावं त्यात उतरवून घेतली. हा व्हॅक्यूम फुल. ती अख्खी सकाळ कोणाला सही करता आली नाही, पोरं जिन्यावर खोळंबली होती आणि टेबलावर दोन्ही रजिस्टरं एकदम उघडी मांडायला जागा लागली. डेटाबेसमध्येही असंच होतं. टेबलाला, म्हणजे तिथल्या रजिस्टराला, कडेकोट कुलूप लागतं, वाचणारेसुद्धा बाहेर. आणि काम संपेपर्यंत दोन्ही प्रती मावतील एवढी डिस्क लागते. भर दुपारी, धंद्याच्या वेळी कोणी हे चालवलं की काय होतं, त्यासाठी मी जिन्यावरच्या पोरांचं वर्णनच लिहून टाकलं. आणखी काही समजवावं लागलं नाही.

त्यात एक आकडा होता, तो इथेही देते, कारण तो बहुतेकांना माहीत नसतो. ऑटोव्हॅक्यूम आपण होऊन कधी उठतो? मूळ सेटिंगमध्ये, ५० ओळी अधिक टेबलातल्या ओळींचे २० टक्के एवढ्या मेलेल्या, म्हणजे रेघ मारलेल्या, ओळी साचल्यावर. काकांच्या ६४ जणांच्या रजिस्टराला हे ठीक आहे. पण आमच्याकडे एक १० कोटी ओळींचं टेबल आहे. तिथे दोन कोटी मेलेल्या ओळी साचेपर्यंत झाडूवाला झोपलेलाच. आम्ही त्या एका टेबलापुरते २० चे १ टक्का केले. म्हणजे दहा लाखांवर तो उठतो, थोडं झाडतो, पुन्हा झोपतो. हे टिपण लिहायला मला चार रात्री लागल्या, आणि ते अडीच पानांचंच आहे. काकांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "व्हाइटनर महाग झालंय."

भाषेचा घोळ वर्षभर चालला. सुरुवातीला मला शुद्ध मराठीचा झटका आला होता. महाराष्ट्र शासनाचं भाषा संचालनालय १९६० पासून आहे, त्यांनी कितीतरी विषयांचे परिभाषा कोश काढलेत, त्यामुळे शब्दांची अडचण पडू नये अशी माझी समजूत. पण इंडेक्ससाठी, म्हणजे नोंद पटकन सापडावी म्हणून ठेवलेल्या सूचीसाठी, टिपणात "निर्देशांक" लिहिलं की वाचणाऱ्याला शेअर बाजार आठवतो. इंडेक्सला इंडेक्सच म्हणायचं, क्वेरीला क्वेरी, सर्व्हरला सर्व्हर. उलट "लॉक"पेक्षा "कुलूप" जास्त चाललं. कारण कुलूप म्हटलं की किल्ली कोणाकडे आहे हा प्रश्न आपसूक पडतो, आणि डेटाबेसमध्ये तोच खरा प्रश्न असतो. डेडलॉकसाठी शब्दच शोधला नाही. आमच्या अभ्यासिकेचा जिना सांगितला. एका वेळी एकच माणूस मावेल एवढा. खालून ब-९ निम्म्यापर्यंत आला, वरून अ-३० उतरला, दोघांच्या पाठीला दप्तर, आणि दोघंही म्हणतायत तू मागे हो. पोस्टग्रेस अशा वेळी एकाला घरी पाठवून देतं. काका ओरडतात, परिणाम तोच.

"ट्रान्झॅक्शन"चा "व्यवहार" झाला तो अ-२२ मुळे.

अ-२२ ही शहापूरकडची मुलगी, आसनगावहून लोकलने यायची. राज्यसेवेचा अभ्यास. दुपारचा डबा गॅलरीत खायची मुभा आहे, तशी एका रविवारी ती शेजारी बसली होती आणि माझ्या टेबलावरचा छापील कागद वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "ताई, हे ट्रान्झॅक्शन म्हणजे बँकेतलंच ना? मग यात बँक कुठेय?" मी चार पानं लिहिली होती. त्यांत व्याख्या होती, चार गुणधर्म होते, आकृती होती. बँक नव्हती. एका खात्यातून ५०० रुपये निघाले, दुसऱ्यात पडायच्या आत वीज गेली, आता ते ५०० कोणाचे, हा साधा प्रश्नच मी विचारला नव्हता. त्या रात्री टिपण पुन्हा लिहिलं. पहिल्या ओळीत वीज गेली.

त्यानंतर १४ टिपणं तिने पाठवायच्या आधी वाचली. तिला संगणकातलं काही येत नव्हतं, यायची गरजही नव्हती. पेन्सिलीने समासात लिहायची. "हे कोण?" "आधी सांगितलं नाही." एके ठिकाणी नुसतंच, "इथे झोप आली." तो कागद मी जपून ठेवलाय. १५ वर्षांच्या नोकरीत माझ्या लिखाणाचं एवढं नेमकं परीक्षण कोणी केलेलं नव्हतं. ऑफिसात टिपण पाठवलं की अंगठा येतो.

फेब्रुवारीनंतर ती यायची बंद झाली. मी फोन नंबर कधी घेतलाच नव्हता. इथे कोणी घेत नाही.

सगळ्यात जास्त फिरलेली टिपणं तीन, आणि तिन्ही मला वाटली होती तशी नव्हती. पहिलं एसएमएसचं. एका ग्राहकाने इंग्रजीतले संदेश मराठीत केले आणि त्याचं बिल जवळपास तिप्पट झालं. त्याला वाटलं कोणी चोरी करतंय. चोरी नव्हती. इंग्रजी अक्षरांचा एसएमएस १६० चा असतो. त्यात देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि संदेश एकाहून जास्त तुकड्यांत गेला तर प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. त्याचा १५० चा मजकूर इंग्रजीत एकात जात होता, मराठीत तीन तुकडे. शिवाय आपण डोळ्यांनी मोजतो ती अक्षरं वेगळी आणि यंत्र मोजतं ती वेगळी. "धन्यवाद" आपल्याला चार अक्षरी; यंत्राला सात. न चा पाय मोडला त्याचा एक, काना एक, सगळ्याचे वेगळे पैसे. "धन्यवाद" काढून टाका म्हणून मी त्या ग्राहकाला सुचवलं, तर तो म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाईक आहे, आभार तर मानलेच पाहिजेत."

दुसरं "ॲ" चं. ॲडव्होकेट लोकांची यादी होती, शोधल्यावर निम्मीच सापडायची. पडद्यावर दोन्ही "ॲ" सारखेच दिसतात. पण एक सलग एकच अक्षर म्हणून नोंदलेलं असतं, दुसऱ्यात "अ" आणि त्यावर चंद्र असे दोन तुकडे. ज्याचा जसा कीबोर्ड तसा. युनिकोडचं, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांक-पद्धतीचं, नेहमीचं सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणं) या दोघांना एक मानत नाही, त्यामुळे साठवतानाच एका रूपात आणावं लागतं. हे टिपण दीड पानाचं, एका बैठकीत लिहिलेलं, आणि अजून मला त्याबद्दल अनोळखी लोकांचे फोन येतात. ज्यावर सगळ्यात जास्त घाम गाळला होता ते क्वेरी प्लॅनरचं, म्हणजे क्वेरी कुठल्या वाटेने चालवायची हे डेटाबेस कसं ठरवतो त्याचं टिपण, त्यावर एकही आला नाही.

तिसरं बॅकअपचं. ऑक्टोबरमध्ये एके ठिकाणी डेटा परत आणायची वेळ आली. कुठे ते सांगत नाही. रोज रात्री बॅकअप होत होता, रोज सकाळी "यशस्वी" असा निरोप येत होता. फाइल उघडली तर रिकामी. डिस्क भरल्यामुळे सहा आठवडे काहीच लिहिलं गेलं नव्हतं, आणि "यशस्वी" हा निरोप फक्त काम सुरू झालं याचा होता. पूर्ण झालं का, हे कोणी विचारलंच नव्हतं. डेटा दुसऱ्या वाटेने मिळाला, पण तीन दिवस गेले, आणि त्या तीन दिवसांत मी अभ्यासिकेत गेले नाही. ते टिपण लिहिताना मी पहिल्यांदा सगळी नावं, तारखा, टेबलं बदलली. तेव्हापासून माझ्या टिपणांतली टेबलं "दुकान", "गिऱ्हाईक", "उधारी" अशीच असतात. खरं तर वाचायलाही तीच बरी.

आता हिशेब. वर्षाचे २०,४०० रुपये झाले. टिपणं २९. म्हणजे एका टिपणाला साधारण ७०३ रुपये. नवरा म्हणाला, "एवढ्यात एक चांगलं टेबल आलं असतं." आलं असतं. ठेवलं कुठे असतं, यावर तो गप्प.

२९ हा आकडा मात्र घशात अडकला होता, कारण भिंतीवर ५२ लिहिलेलं होतं. इथे आत शिरल्यावर डाव्या भिंतीवर पिवळी कार्डं लावलेली असतात. नाव घालताना काका कार्ड देतात, त्यावर तीन रकाने: जागा, परीक्षा, तारीख. मी म्हटलं, काका, मला परीक्षाच नाही. ते म्हणाले, "मग काय करायचंय ते लिहा. पण तारीख लिहा." मी लिहिलं: ब-१७, ५२ टिपणं, ३१ मे. वर्षभर येता-जाता ते कार्ड मला दिसत होतं. डिसेंबरात मी आकडा गाठायला म्हणून सलग तीन आठवडे तीन टिपणं पाडली. पाडली हाच शब्द. त्यातलं एक अ-२२ ने न बोलता परत दिलं, पेन्सिलीची खूणसुद्धा न करता. त्यावरून मी काय ते समजले. जानेवारीत आकड्याचा नाद सोडला आणि महिन्याला दोन यावर आले.

गंमत अशी, की एप्रिलमध्ये ऑफिसात अप्रेझलचा फॉर्म आला तेव्हा तिथेही तेच. "पुढील वर्षाची ध्येये, मोजता येतील अशी." पुढे पाच रिकाम्या चौकटी. माझ्या वरिष्ठांची इच्छा आहे मी मॅनेजर व्हावं. ते म्हणाले, "या वयात हीच पुढची पायरी." पायरी असेल. पण वर्षभर रात्री आठ ते दहा मी काय करत होते, आणि काय करताना मला घड्याळ दिसत नव्हतं, हे या वर्षाने इतकं स्पष्ट केलंय, की फॉर्म भरायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत. मॅनेजर नको, तांत्रिक वाटेवरचंच पुढचं पद द्या, असं लिहिलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बॅकअपमधून डेटा खरोखर परत आणून दाखवायचा, वेळ मोजायचा, नोंद ठेवायची, असं लिहिलं. रेप्लिकेशन, म्हणजे एका सर्व्हरची चालती प्रत दुसऱ्यावर ठेवणं, मला वाचून येतं, करून येत नाही. दोन सर्व्हर मांडून एक मुद्दाम बंद पाडायचा आणि दुसरा उभा करायचा, हे दिवाळीपर्यंत स्वतःच्या हाताने. आणि एकदा तरी लोकांसमोर उभं राहून यातलं काहीतरी मराठीत बोलायचं. याचा विचार करूनच पोटात गोळा येतो, म्हणून ते शेवटच्या चौकटीत. टिपणांचा उल्लेख फॉर्ममध्ये केला नाही. तिथे गेली की ती मोजली जातील.

तर परीक्षण म्हणून विचाराल तर पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण प्लगसाठी कापला, एक गुण गॅलरीतल्या एक्झॉस्टसाठी. खालच्या दुकानाचा पंखा बरोबर माझ्या खुर्चीखाली उघडतो. संध्याकाळी सात ते साडेआठ पापडी तळतात. त्या वेळात भूक न लागता इंडेक्सवर लिहून दाखवा. ओढणीला वास इतका बसतो की घरी गेल्यावर मुलगा विचारतो, आज काय आणलंस? स्पर्धा परीक्षावाल्यांनी एसी हॉलच घ्यावा. लिहिणाऱ्यांनी, घरून मीटिंगा टाळून पळालेल्यांनी गॅलरी घ्यावी, पण फोनवर बोलायला जिन्यावर जावं लागेल. ज्यांना पाठदुखी आहे त्यांनी उशी घरून आणावी. आणि शांतता? शांतता उत्तम. ६० माणसं एका खोलीत पानं उलटतायत, याचा एक आवाज असतो. तो ऐकू आला की माझं पेन सुरू होतं. घरी, ऑफिसात, कॅफेत तो नाही.

गेल्या रविवारी नूतनीकरणाला गेले. फी १०० रुपयांनी वाढलीय, गॅलरीचे आता १,८००. काकांनी रजिस्टर उघडलं. माझी ओळ दिसली, ग-२. अ-२२ ची ओळ शोधली तर तिथे व्हाइटनर होतं आणि वर कोणातरी नव्या मुलाचं नाव, शाई अजून ताजी. भिंतीवर मात्र तिचं कार्ड तसंच आहे, काढायचं राहिलंय.

"नवं कार्ड?" काकांनी विचारलं.

मी जागा लिहिली, ग-२. परीक्षेच्या रकान्यात लिहिलं, "१२ टिपणं, प्रत्येक आधी एकाने वाचलेलं." मागच्या खुर्चीवर, ग-३ वर, एक मुलगा आलाय, सीएच्या फाउंडेशनचा. त्याला अजून विचारलेलं नाही. तारीख ३१ मे घातली.

"काका, तेवढं एक्झॉस्टचं..."

"बघू," म्हणाले, आणि पावती फाडली.